गढूळ आयपीए चाखताना

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रुजलेल्या ‘हेझी’ अर्थात न्यू इंग्लंड आयपीए (इंडिया पेल एल) या बिअरचा गढूळपणा हा दोष नसून तिचे लक्षण आहे. मात्र तो कशामुळे आला आहे, हे आधी पाहावे. ओट्स व गव्हातील प्रथिने आणि हॉप्समधील (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांमधील) पॉलिफिनॉल ही तुरट द्रव्ये यांच्या संयोगातून येणारी धूसरता ग्लासभर एकसारखी दिसते, तर तरंगणारे कण किंवा तळाचा गाळ बहुधा यीस्टचा अथवा हॉप्सच्या चोथ्याचा असतो.

अतिथंड बिअरचा सुगंध दबून राहतो, म्हणून ती ७ ते १० अंश सेल्सियसवर येऊ द्यावी आणि ओतताच, फेस टिकून असताना, वास घ्यावा. सिट्रा किंवा मोझॅइक या जातींचे हॉप्स वापरले असतील, तर आंबा, संत्र्याची साल असे गंध यावेत. त्यासाठी फळांचा रस घातलेला असावा लागत नाही. घोट मऊ आणि कडवटपणा सौम्य असावा. घशात झोंबणारी तुरट जळजळ मागे राहिली, तर हॉप्सचे सूक्ष्म कण बिअरमध्ये उरले आहेत असे समजावे.

माझ्या मते सर्वांत बोलकी खूण रंगाची असते. पिवळसर-केशरी छटा करडी किंवा तपकिरी झाली असेल आणि फळांच्या गंधाऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल, तर बिअरला ऑक्सिजन लागला आहे. तिला शैलीच्या नावाखाली गुण देऊ नयेत. खरेदीपूर्वी कॅनवरील भरल्याची तारीख वाचावी आणि काही महिने फ्रिजबाहेर राहिलेला कॅन, कितीही नावाजलेला असला तरी, घेऊ नये.