अंतराळातलं हृदय भिंतीशी झोपून कसं समजून घ्यावं

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा धडा मी फळ्यावर सुरू करत नाही, आधी विद्यार्थ्यांना जमिनीवर आडवं करते. तुम्हीही करून बघा. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा चक्कर येत असेल तर मात्र नको.

पाठीवर झोपा, पाय भिंतीला टेकवून वर सरळ ठेवा आणि १० मिनिटं तसेच पडून राहा. चेहरा जरा जड वाटेल, कारण पायांतलं रक्त छातीकडे, डोक्याकडे सरकलेलं असतं. अंतराळात वजन जाणवत नाही, रक्त पायांकडे ओढलं जात नाही, म्हणून तिथे हे रात्रंदिवस चालतं. चेहरे सुजतात, पाय बारीक होतात, आणि अंगात पाणी जास्त झालंय असं समजून शरीर रक्तातला द्रव कमी करतं.

आता मनगटावर नाडी ३० सेकंद मोजा, दुप्पट करून लिहून ठेवा. मग आधार धरून सावकाश उभे राहा आणि लगेच पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसेल. इथे थांबा, घाई करू नका! रक्त खाली ओढलं जातंय आणि ते डोक्यापर्यंत चढवायला हृदय झटतंय. अंतराळात हे रोजचं झटणं महिनोन्‌महिने थांबलं की हृदयाचा स्नायू झिजतो.

अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळ स्थानकात राहिले. आठवड्यातले ६ दिवस व्यायाम करूनही त्यांच्या डाव्या जवनिकेचं (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचं) वस्तुमान सुमारे एक चतुर्थांश घटलं. तरी हृदय नीट काम करत राहिलं, आणि मला त्याचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटतं.