जुन्या होम कॉम्प्युटरचा कीबोर्ड रुसलाय? स्क्रूड्रायव्हरआधी कागद घ्या

कॉमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम ही दोन्ही यंत्रं १९८२ सालची. आजही ती सुरू होतात, पडद्यावर नेहमीचा मजकूर येतो, पण बटण दाबलं तर काही उमटत नाही, नाहीतर एकाच अक्षराची रांग लागते. अशा वेळी बहुतेक जण थेट स्क्रू काढायला बसतात. घाई करू नका. कोणती बटणं बंद आहेत आणि कोणती चालू, एवढं कागदावर उतरवलंत तर अर्धं निदान तिथेच होतं.

त्याचं कारण साधं आहे. प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. आडव्या आणि उभ्या वायरींची जाळी असते आणि प्रत्येक बटण त्यातला एक छेदनबिंदू जोडतं. कॉमोडोर ६४ ची जाळी आठ बाय आठ, म्हणजे ६४ बटणांची. कीबोर्डवरची उरलेली दोन बटणं वेगळी आहेत: रिस्टोर जाळीत नाहीच आणि शिफ्ट लॉक डाव्या शिफ्टलाच समांतर जोडलेलं असतं. स्पेक्ट्रमची ४० बटणं पाच-पाचच्या आठ गटांत विभागलेली आहेत. त्यामुळे एकटं बटण बंद असेल तर दोष त्या बटणात, पण आख्खा गट बंद असेल तर दोष वायरीत किंवा तिच्या पलीकडे.

आधी फुकटचे उपाय

जॉयस्टिक, माउस, कार्ट्रिज सगळं काढा. मशीन बंद करून काढा आणि जॉयस्टिक पोर्टच्या पिनांना बोट लावू नका, अंगावरच्या स्थिर विजेने आतली चिप जाऊ शकते. कॉमोडोर ६४ मध्ये जॉयस्टिक आणि कीबोर्ड एकाच चिपच्या त्याच वायरी वापरतात. पोर्ट एकमधल्या जॉयस्टिकचं फायर बटण अडकलं असेल तर कॉम्प्युटरला वाटतं की तुम्ही स्पेसबार दाबून बसला आहात. मग शिफ्ट लॉक खाली दबलेलं आहे का ते बघा. अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं येण्यामागे अनेकदा एवढंच असतं.

यादी करा

कागदावर कीबोर्डचा आराखडा काढा, एकेक बटण दाबा आणि खुणा करा: चालू, बंद, जोर दिल्यावर चालू, दोनदा उमटतं. रिस्टोरला मात्र लगेच नापास करू नका. बऱ्याच जुन्या बोर्डांवर ते फटकन मारल्याशिवाय दाद देत नाही, तो बिघाड नव्हे.

कॉमोडोर ६४ वर थोडं तरी टाइप होत असेल तर बेसिकमध्ये (मशीनमधल्याच प्रोग्रामिंग भाषेत) दोन ओळींचा प्रोग्राम लिहा, जो मेमरीतल्या १९७ या पत्त्यावरचा आकडा पीक करून, म्हणजे वाचून, सतत छापत राहील. काहीच दाबलेलं नसताना ६४ दिसायला हवा. हात न लावता दुसराच आकडा येत असेल तर ते बटण अडकलं आहे किंवा त्याच्या वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ए दाबलं की १० येतो. त्याला आठने भागा: भागाकार १, बाकी २. भागाकार ही एका दिशेची वायर, बाकी ही दुसऱ्या दिशेची. शिफ्ट बटणं मात्र इथे दिसत नाहीत.

आता खुणा वाचा

३, डब्ल्यू, ए, ४, झेड, एस, ई आणि डावं शिफ्ट ही सगळी एकदम बंद असतील तर त्यांची सामाईक वायर तुटली आहे. ए, डी, जी, जे, एल एकत्र बंद असतील तर आडव्या दिशेची. अशा वेळी बटणं कितीही पुसा, उपयोग नाही.

इथे जॉयस्टिक कामी येते. ए, डी, जी, जे, एल बंद असताना पोर्ट एकमध्ये चांगली जॉयस्टिक लावा आणि ५६३२१ हा पत्ता पीक करत राहा. एरवी २५५ असतो, जॉयस्टिक डावीकडे ढकलली की २५१ व्हायला हवा. तो झाला तर चिप ठीक आहे, दोष कीबोर्डच्या केबलमध्ये किंवा त्याच्या पट्टीत, म्हणजे बटणांखालच्या सर्किट बोर्डात. काहीच हललं नाही तर संशयाची सुई चिपकडे. दहा मिनिटांचं काम आहे आणि विनाकारण उघडझाप वाचते.

स्पेक्ट्रमवर १ ते ५ ही पाच बटणं एकत्र गेली तर एका गटाची वायर किंवा तिच्यावरचा डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा छोटा भाग) बघा. १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट, स्पेस म्हणजे दोन्ही कडांची आठ बटणं गेली तर पाच वायरींच्या जोडणीतली एक वायर गेली.

एकटी-दुकटी बटणं बंद असतील तर

कॉमोडोर ६४ च्या बटणाखाली काळ्या, वीजवाहक रबराचा तुकडा असतो आणि तो पट्टीवरच्या कार्बनच्या ठिपक्यावर टेकतो. दोन्हींवर मळाचा पापुद्रा बसतो. प्लग काढून कीबोर्ड उपसा, उलटा ठेवा. मागची पट्टी अनेक बारीक स्क्रूंनी धरलेली असते, ते एका वाटीत जमा करा. शिफ्ट लॉकच्या दोन वायरी पट्टीला सोल्डर केलेल्या असतात. त्या सोडवल्याशिवाय पट्टी निघत नाही, ओढाल तर तुटतील.

कार्बनचे ठिपके ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने हलकेच पुसा. बोळ्यावर थोडा काळा रंग येणारच, पण घासत सुटू नका. पॉलिश पेपर, अॅसिटोन, तेलकट स्प्रे यांना इथे थारा नाही. रबराच्या टोकांना साध्या कोऱ्या कागदावर हलकेच फिरवा, कागदावर राखाडी रेघ उमटेल आणि खालचा ताजा थर वर येईल. मग मल्टिमीटरने तपासा. रोधावर ठेवा, बीपवर नको: कार्बनच्या संपर्काचा रोध शून्य नसतो, त्यामुळे चांगल्या बटणावरही बीप वाजेलच असं नाही. शेजारच्या चालू बटणाच्या आकड्याशी तुलना पुरे.

स्पेक्ट्रमचं दुखणं वेगळं

आत प्लॅस्टिकचा पातळ मेम्ब्रेन, म्हणजे वायरी छापलेला पडदा असतो आणि त्याच्या दोन शेपट्या बोर्डातल्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांनी त्या वाळतात, सॉकेटच्या तोंडाशीच त्यांना भेगा पडतात. झाकण उघडताना झटका दिलात तर उरलीसुरलीही जाईल. भेग गेलेलं टोक सरळ कापून पुन्हा खोचता येतं, पण ते किती टिकेल सांगता येत नाही. नवीन बनवलेले मेम्ब्रेन मिळतात, ते लावणं जास्त शहाणपणाचं.

चिपवर वेळ आली तर

कॉमोडोर ६४ मध्ये ६५२६ या चिप दोन असतात आणि कीबोर्डचं काम पहिली करते, डिस्क ड्राइव्हचं दुसरी. कर्सर लुकलुकायचाच थांबला असेल तर तोही तिच्याकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. दोन्ही सॉकेटमध्ये असतील तर मशीन बंद करून अदलाबदल करा. कीबोर्ड चालू झाला आणि डिस्क ड्राइव्ह बंद पडला, म्हणजे बिघाड चिपबरोबर जागा बदलून गेला. चिप बोर्डाला सोल्डर केलेली असेल आणि सोल्डर काढायचा सराव नसेल तर स्वतः हात घालू नका. जुन्या बोर्डांच्या वायरिंगच्या रेघा नाजूक असतात, उखडल्या तर दुरुस्ती दुप्पट वाढते.

सगळं जोडल्यावर झाकण लगेच स्क्रूने बंद करू नका. आधी मघाचा कागद पुढे घ्या आणि बंद म्हणून खूण केलेलं प्रत्येक बटण पुन्हा दाबून बघा, मग उरलेली सगळी. पुसापुशीत एखादं चालू बटण बंद पडलेलं असू शकतं, आणि ते कळायची हीच वेळ.