एजन्सी बदलताय? आधी जुनी नीट बंद करा

एका जीवन विमा कंपनीची एजन्सी असताना दुसऱ्या जीवन विमा कंपनीचा अर्ज भरला, तर तो अडकतोच. कारण नेमणूक करण्याआधी कंपनी तुमचा पॅन आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, एजंटांच्या सामायिक यादीत टाकून बघते. तिथे जुनी नोंद चालू दिसते, किंवा काळ्या यादीतलं नाव असेल तर तेही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुन्या कंपनीला लेखी राजीनामा, सोबत नेमणूकपत्र आणि ओळखपत्र परत. पोच घ्याच! मग कंपनीने १५ दिवसांत एजन्सी संपल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म आय-सी, द्यायला हवा. नवी कंपनी तुमचा अर्ज ९० दिवसांनंतरच विचारात घेते, आणि हे दिवस मोजायचे ते या दाखल्याच्या तारखेपासून, राजीनाम्याच्या नव्हे. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

आरोग्य किंवा सर्वसाधारण विम्याची एजन्सी जोडीला घ्यायची असेल, तर राजीनाम्याची गरज नाही. फॉर्म आय-बी, म्हणजे अशा जोड एजन्सीचा अर्ज, भरा.

अर्जाला जोडायच्या कागदांवरचं नावही बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, त्याने बिघडत नाही. पण लग्नानंतर पॅनवर वेगळं आडनाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा.