ताऱ्यांमधली जड मूलद्रव्यं मोजताय? मग या चुका टाळा

दर उन्हाळ्यात दोन-तीन एमएस्सीची मुलं माझ्याकडे प्रोजेक्टला येतात. हुशार असतात, पायथन माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी लॅपटॉप उघडा धरूनच धावत येतं की मॅडम, हा तारा बघा, याच्यात बेरियम प्रचंड आहे, मॅग्नेशियम भलतंच आहे. मलाही दर वेळी आनंद होतो, खरंच होतो, आणि मग आम्ही दोघं बसून शोधतो की चूक कुठे आहे. बहुतेक वेळा ती त्याच चार-पाच ठिकाणी सापडते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात आधी, तुमचा सूर्य कुठला?

एखाद्या ताऱ्याचं एफई बाय एच (हायड्रोजनच्या मानाने लोह, सूर्याशी तुलना करून, दहाच्या घातांकात) उणे १ आहे म्हणजे त्याच्यात लोह सूर्याच्या एक दशांश आहे, उणे ३ म्हणजे एक हजारांश. हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा आकडा सूर्याशी तुलना करून काढलेला आहे आणि सूर्याचा आकडा दगडावर कोरलेला नाही, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. हायड्रोजन १२ धरायच्या मोजपट्टीवर (हीसुद्धा दहाच्या घातांकाची, १ ने वाढलं की दहापट) १९८९ च्या अँडर्स-ग्रेव्हेस यादीत सूर्याच्या पृष्ठभागातलं लोह ७.६७ आहे, आणि त्याच यादीत उल्कांवरून काढलेलं लोह ७.५१. २००९ च्या आस्प्लुंड वगैरेंच्या यादीत ७.५०, २०२१ च्या यादीत ७.४६. ऑक्सिजनचं तर विचारूच नका, ८.९३ वरून ८.६९ वर आलाय, म्हणजे सूर्यातला निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन कागदावरून नाहीसा झाला आणि सूर्य मात्र आहे तिथेच आहे.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वेगवेगळ्या पेपरांमधले तारे एकत्र करून मॅग्नेशियम बाय लोहचा आलेख काढला होता. कमी धातूचे तारे (आमच्या भाषेत हेलियमपेक्षा जड ते सगळं धातू) एका जुन्या पेपरातून, जास्त धातूचे एका नव्यातून. आलेखात मधोमध स्वच्छ पायरी दिसली, जवळजवळ ०.२ डेक्सची (डेक्स म्हणजे दहाच्या घातांकातला एक). मी दोन महिने त्या पायरीवर घालवले, आकाशगंगेच्या प्रभामंडलात ताऱ्यांचा जन्म मध्येच थांबून परत सुरू झाला असणार असं पूर्ण मॉडेल बांधलं, सेमिनार दिला. मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ सरांनी एवढंच विचारलं, "सूर्य कुठला घेतलाय?" मला सांगता आलं नाही. रात्री वहीत मांडलं. जुन्या पेपरचा सूर्य, मॅग्नेशियम ७.५८ वजा लोह ७.६७, म्हणजे उणे ०.०९. नव्याचा सूर्य, ७.६० वजा ७.५०, म्हणजे अधिक ०.१०. फरक ०.१९. माझी पायरी तिथेच संपली, शिवाय जुने तारे लोहाच्या अक्षावरही ०.१७ ने डावीकडे सरकलेले होते ते वेगळंच.

तेव्हापासून माझी सवय अशी की फाइलमध्ये आधी १२ च्या मोजपट्टीवरचा नुसता आकडा लिहायचा, चौकोनी कंसातला, म्हणजे सूर्याशी तुलना केलेला, आकडा सगळ्यात शेवटी, आणि कुठला सूर्य ते त्याच ओळीत. पेपरात सूर्याचा आकडा दिलेलाच नसेल तर तो पेपर मी एकत्रित आलेखात घेत नाही, कितीही मोहाचा असला तरी. आणि जमेल तेव्हा स्वतःचा सूर्य मोजते, म्हणजे त्याच दुर्बिणीवर, त्याच वर्णपटमापकाने चंद्राचा किंवा वेस्टासारख्या लघुग्रहाचा वर्णपट घ्यायचा, तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश असतो, आणि मग वर्णपटातल्या रेषेगणिक (प्रत्येक मूलद्रव्य प्रकाश शोषून आपल्या ठरावीक रेषा उमटवतं) ताऱ्यातून सूर्य वजा करायचा. प्रयोगशाळेतल्या रेषांच्या ताकदीतल्या चुका बऱ्याचशा कापल्या जातात. मात्र थंड, कमी धातूच्या राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्याला सूर्य नीट लागू पडत नाही, तिथे मी आधी एचडी १२२५६३ हा तसलाच तारा चालवून बघते, याच्यावर इतक्या लोकांनी काम केलंय की आपला आकडा गडबडला तर लगेच कळतं. मुलांना हे सगळं वेळखाऊ वाटतं. दोन दिवस लागतात, माझे दोन महिने गेले होते.

छोट्या पण रोजच्या चुका पटापट सांगते. ऑक्सिजनची ७७७ नॅनोमीटरची तिहेरी रेषा साध्या एलटीई गणिताने (वायूत जागोजागी उष्णतेचा समतोल धरणाऱ्या) वापरली की ऑक्सिजन जास्तच येतो, दुरुस्ती लावा. ६३०० अँगस्ट्रॉमची रेषा वापरणार असाल तर तिच्या पोटात निकेलची रेषा आहे आणि आजूबाजूला आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनच्या रेषा फिरत असतात. शिशाच्या ४०५७ च्या रेषेवर कार्बन जास्त असलेल्या ताऱ्यात सीएच या कार्बन-हायड्रोजनच्या रेणूच्या रेषा चढून बसतात. राक्षसी ताऱ्याच्या नायट्रोजनवरून दीर्घिकेबद्दल काही बोलू नका, आतला माल ढवळून वर आलेला असतो, कार्बन घटलेला आणि नायट्रोजन वाढलेला. आणि तीन रेषांच्या आकड्यांमधला फरक म्हणजे एरर बार नव्हे, तापमान १०० केल्व्हिनने हलवून बघा आणि मग बोला.

आता बेरियम. हे माझं दुखणं आहे.

गेल्या वर्षी एका मुलाला बेरियम बाय लोह अधिक ०.६ मिळालं. तो खूश, फोनवर आईलाही सांगून झालेलं. मी म्हटलं रेषा दाखव, तर त्याने रेषा बघितलीच नव्हती, प्रोग्रॅमने इक्विव्हॅलंट विड्थ (रेषेने किती प्रकाश शोषला त्याचं माप) काढून दिल्या आणि त्याने पुढे ढकलल्या. प्लॉट काढला तर फक्त ४५५४ अँगस्ट्रॉमची रेषा वापरलेली. ही बेरियमची सगळ्यात जाडजूड रेषा, ती भरलेली असते, म्हणजे अणू दुप्पट केले तरी रेषा जरा कुठे फुगते. अशा रेषेवर मायक्रोटर्ब्युलन्सचा, म्हणजे वायूच्या बारीक खळबळीच्या वेगाचा, आकडा राज्य करतो. त्याच्या फाइलमध्ये तो सेकंदाला १ किलोमीटर होता, आधीच्या बटू ताऱ्यासाठी भरलेला, आणि हा तारा होता राक्षसी, तिथे लोहाच्या रेषांवरून १.८ निघाला. वर हायपरफाइन स्ट्रक्चर, म्हणजे अणुकेंद्रामुळे रेषेचं बारीक फाटणं, प्रोग्रॅममध्ये बंद. बेरियमच्या विषम समस्थानिकांची, १३५ आणि १३७ ची, रेषा आतून फाटलेली असते, सूर्यमालेतल्या बेरियममध्ये त्यांचा वाटा साधारण १८ टक्के. रेषा अशी फाटली की ती त्याच अणूंमध्ये जास्त प्रकाश शोषते, आणि तुम्ही ते धरलं नाही तर प्रोग्रॅम बिचारा ती रुंदी जास्त बेरियम घालून भरून काढतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. सगळं सुधारून ५८५३ ची मवाळ रेषा वापरली तर अधिक ०.१ आलं, साधा तारा. मुलगा फार नाराज झाला, मला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून मँगनीज आणि युरोपियमच्या लाइन लिस्ट तपासल्या, कारण तिथेही हेच होतं. मँगनीजला एकच स्थिर समस्थानिक आहे पण फाटणं जबरदस्त, आणि युरोपियमचे दोन्ही विषमच.

म्हणून मी सांगते की पहिल्या वीस रेषा हाताने मोजा, स्क्रीनवर मोठ्या करून, शेजारी काय आहे ते बघत. सर्व्हेतल्या लाखो ताऱ्यांना हे शक्य नाही हे मला माहीत आहे, पण ज्याने वीससुद्धा बघितल्या नाहीत त्याला लाखांमध्ये काय बिघडलंय ते कळणार कसं?

बरं, बेरियम खरंच जास्त निघालं तरी थांबा. बेरियम तारे बऱ्याचदा जोडीतले असतात, जोडीदार आधी म्हातारा झाला, त्याने माल ओतला आणि आता श्वेत बटू होऊन बसलाय. तेव्हा त्रिज्य वेग महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजा. टेक्नेशियम आहे का तेही बघा. १९५२ मध्ये पॉल मेरिलना एस प्रकारच्या ताऱ्यांत ते सापडलं आणि तारे स्वतः मूलद्रव्यं घडवतात याचा थेट पुरावा मिळाला, कारण टेक्नेशियमचा सगळ्यात टिकाऊ समस्थानिकसुद्धा काही दशलक्ष वर्षांत अर्धा होतो, ताऱ्याच्या जन्मापासूनचं शिल्लक राहूच शकत नाही. टेक्नेशियम दिसलं तर माल घरचा, नाही दिसलं तर बहुधा शेजाऱ्याचा. आणि "बेरियम म्हणजे एस-प्रक्रिया" (मंद गतीने न्यूट्रॉन गिळत जड होण्याची) हे वाक्य सूर्यापुरतं ठीक आहे. उणे ३ च्या ताऱ्यात मंद गतीने न्यूट्रॉन गिळणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्यांना वेळच मिळालेला नसतो, तिथलं बेरियम बहुतेक आर-प्रक्रियेचं, म्हणजे भराभर न्यूट्रॉन गिळून झालेलं.

दीर्घिकांच्या रासायनिक उत्क्रांतीकडे वळलेल्यांची लाडकी चूक म्हणजे लोहाला घड्याळ समजणं. आकाशगंगेचा मधला फुगवटा म्हातारा आहे तरी धातूने भरलेला आहे, कारण तिथे सगळं भराभर झालं. मॅग्नेशियम मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर येतं, लोहाचा मोठा वाटा वन-ए सुपरनोव्हांमधून (श्वेत बटूंच्या स्फोटांतून) उशिरा, म्हणून मॅग्नेशियम बाय लोहचा आलेख एका जागी गुडघ्यासारखा वाकतो. आपल्या आकाशगंगेत तो लोहाच्या साधारण उणे १ ला, स्कल्प्टर बटू दीर्घिकेत त्याच्या बराच आधी, उणे १.८ च्या आसपास. घड्याळ असतं तर दोघांचा गुडघा एकाच जागी असता? याच कारणाने मूलद्रव्यं लगेच परत मिळतात असं धरणारं सोपं गणित ऑक्सिजनला चालतं, लोहाला लावू नका. बंद पेटीचं मॉडेलही (दीर्घिकेत वायू येत नाही, जात नाही असं धरणारं) पहिल्या दिवशी शिकायला छान आहे, पण सूर्याच्या शेजारी कमी धातूचे जी-बटू (सूर्याच्या जातीचे तारे) त्या मॉडेलच्या मानाने फारच कमी आहेत, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. पेटी बंद नाही, बाहेरून वायू येत राहतो.

शेवटचं युरोपियम. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळलेले सगळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टात युरोपियम म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर असं एका ओळीत लिहिलेलं असतं. टकरीतून आर-प्रक्रियेचा माल निघतो हे नक्की. रेटिक्युलम टू या इवल्याशा दीर्घिकेत तपासलेल्या नऊपैकी सात ताऱ्यांत तो भरभरून सापडला, तशा बाकीच्या बहुतेक बटू दीर्घिकांत तो नगण्य, म्हणजे घटना दुर्मिळ आणि एका दमात पुष्कळ माल देणारी, इथपर्यंत बरोबर. पण टक्कर व्हायला दोघांना एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळ यावं लागतं, त्यात वेळ जातो, आणि उणे ३ च्या ताऱ्यांत युरोपियम आधीच हजर आहे. हा वेळेचा हिशोब रिपोर्टात मांडलेला नसेल तर मी ते पान परत देते.