ताम्रमुखी की पीतमुखी? टिटवी ओळखताना आधी मान बघा

‘डोळ्यापुढची मांसल गाठ लाल असेल तर ताम्रमुखी, पिवळी असेल तर पीतमुखी’ एवढ्यावरच बहुतेकांचं मार्गदर्शन संपतं. पक्षी जवळ असेल तर ठीक. पण एप्रिलच्या दुपारी, तापलेल्या माळावर शंभर मीटरवरून गाठ दिसतच नाही. मग लोक पाय बघतात आणि पिवळे दिसले की पीतमुखी अशी नोंद करून टाकतात. असं अजिबात करू नका. पाय दोघींचेही पिवळेच असतात.

आधी जागा बघा. तळ्याकाठी किंवा भिजवलेल्या शेतात बहुधा ताम्रमुखी असते, तर सासवड किंवा नान्नजसारख्या कोरड्या माळावर पीतमुखीची शक्यता वाढते. पण ताम्रमुखी माळावरही येते, तेव्हा हा फक्त अंदाज.

आता मान. मला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला, म्हणून सावकाश सांगतो. पक्षी कडेने उभा राहीपर्यंत थांबा. ताम्रमुखीचा गळा आणि छाती काळी असते. डोळ्यामागून निघालेला रुंद पांढरा पट्टा मानेच्या बाजूने खाली उतरून थेट पोटाच्या पांढऱ्याला मिळतो. पीतमुखीची मान आणि छाती सलग मातकट तपकिरी. पांढरं असतं ते फक्त काळ्या टोपीखाली, किनारीसारखं बारीक. छातीचा तपकिरी रंग जिथे संपतो तिथे एक काळसर रेघ आणि मग पांढरं पोट. पांढरं मानेवरून खाली उतरतं का, एवढंच तपासा. प्रकाश समोरून येत असेल तर वळसा घालून सूर्य पाठीशी घ्या. काळवंडलेल्या आकृतीवरून नाव ठरवू नका.

पिल्लांच्या बाबतीत जास्त जपा. ताम्रमुखीच्या लहान पिल्लाचा गळा पांढुरका आणि गाठ अगदी छोटी असते, त्यामुळे ते हमखास पीतमुखी म्हणून नोंदलं जातं. आईबाप जवळपासच असतात. त्यांना शोधा, त्यांची मान बघा.

आकाराचा उपयोग दोघी शेजारी असतील तरच: ताम्रमुखी साधारण ३३ सेंमी, पीतमुखी २७. आवाज सोपा. ‘टिटिव-टिव’ असा खणखणीत गलका ताम्रमुखीचा, रात्रीसुद्धा; पीतमुखीची हाक बारीक, तीक्ष्ण ‘टी-ई’.

मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. दोघीही उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती खड्यांत मिसळून जातात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला तर जागीच थांबा, पायाखाली नीट बघा आणि आल्या वाटेनेच मागे फिरा.