नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना: आधी गोळ्यांचा डबा उपसा

नव्या फॅमिली डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना काय करावं यावर मिळणारे निम्मे सल्ले 'शांत राहा, मोकळेपणाने बोला, प्रश्न विचारा' अशा धाटणीचे असतात. ते वाचून हाती काहीच लागत नाही. घर बदललं, जुने डॉक्टर निवृत्त झाले, आईवडिलांची दुखणी निघाली, अशा निमित्तांनी मी स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी नव्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा बसण्याचा कार्यक्रम बऱ्याचदा केला आहे. ही भेट बहुतेकदा एकाच जागी फसते: पेशंट रोज नेमकं काय गिळतो हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नसतं, खुद्द पेशंटलाही नसतं.

आधी सोपी कामं उरकू. वेळ घेताना 'पहिलीच भेट आहे' असं सांगा, म्हणजे जास्त वेळ राखून ठेवता येतो. जुने कागद आठवडाभर आधी मागून ठेवा. ओळखपत्र, विम्याचे कागद, चष्मा, कानाचं यंत्र बरोबर घ्या.

फाइल बारीक करा

वीस वर्षांची जाडजूड फाइल टेबलावर आपटू नका, ती कुणीही वाचत नाही. तिच्यातून एवढंच काढा: शेवटचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन झालं असेल तर त्याचा कागद, बायप्सीचा कोणताही रिपोर्ट, रक्ताचा शेवटचा रिपोर्ट आणि तुलनेसाठी त्याच्या आधीचा एक, आणि जुना ईसीजी. तो ईसीजी अगदी साधा, 'नॉर्मल' असला तरी घ्या. उद्या छातीत दुखलं, तर नव्या पट्टीवर दिसणारा बदल आजचा की पूर्वीपासूनचा हे त्यावरूनच ठरतं. सगळ्यांत ताजा कागद वर ठेवा. प्रत्येकावर तारीख दिसायला हवी, कारण एचबीए१सीसारखी तपासणी साधारण मागच्या ३ महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. तारीख नसेल तर कोणते ३ महिने, हा प्रश्न उरतोच.

गोळ्यांची यादी

मी तोंडघशी पडले ती इथे, म्हणून इथे जरा थांबते.

आईला नव्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून सुबक यादी टाइप करून नेली होती. स्वतःवर खूशही होते. डॉक्टरांनी यादी पाहिली, आईचे सुजलेले घोटे पाहिले आणि लघवी जास्त होण्याची एक गोळी वाढवली. तीन आठवडे झाले तरी सूज होती तशीच. एके दिवशी चादर बदलताना आईच्या उशाशी असलेला डबा सांडला आणि त्यातून दोन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिप बाहेर आल्या. एका गोळीत टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन ही प्रेशरची दोन औषधं एकत्र होती, दुसरीत नुसतं अम्लोडिपिन. कधीतरी औषध बदलून दिलं होतं. जुनी गोळी बंद करायची हे कुणी सांगितलं नसेल किंवा आईपर्यंत पोचलं नसेल. ती इमानेइतबारे दोन्ही घेत होती. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते, डोस वाढला की ती शक्यता वाढते आणि ही सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरतही नाही. एका गोळीचा त्रास निस्तरायला आम्ही दुसरी सुरू केली होती, आणि माझ्या टाइप केलेल्या यादीत यातलं काहीही दिसत नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे की यादी प्रिस्क्रिप्शनवरून करू नका, ती स्ट्रिपवरून करा. प्रिस्क्रिप्शन म्हणजे कुणीतरी एके काळी द्यायचं ठरवलेलं औषध. पोटात काय जातं ते डब्यात असतं.

एका संध्याकाळी घरातली सगळी औषधं टेबलावर ओता. उशाशी, पर्समध्ये, ऑफिसच्या बॅगेत, फ्रिजच्या दारात, बाथरूमच्या कपाटात, सगळीकडे बघा. मलमं, इन्हेलर, इन्शुलिन, डोळ्यांचे थेंब, व्हिटॅमिन, काढे आणि चूर्णं हे सगळं त्यात आलं. 'ते काय, नुसते थेंब आहेत' असं म्हणू नका. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचं टिमोलॉल रक्तात उतरून नाडी मंद करू शकतं आणि दमेकऱ्याला धाप लावू शकतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही निरुपद्रवी वाटतात, पण जास्त डोस असेल तर थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात.

आता एक कोरा कागद आडवा धरा. ॲप नको. ॲप उघडेपर्यंत फोन लॉक होतो आणि डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात. प्रत्येक औषधाला एक ओळ द्या आणि त्या ओळीत पुढच्या गोष्टी लिहा.

मोठ्या अक्षरातलं नाव लिहाच, पण त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव जास्त महत्त्वाचं. एकच औषध डझनभर नावांनी विकलं जातं. दोन ओळींत एकच मूळ औषध आलं की आमच्या घरी झाला तसा घोळ कागदावरच पकडला जातो. पॅरासिटामॉल तर तापाच्या, अंगदुखीच्या आणि सर्दीच्या गोळीत एकाच वेळी असू शकतं. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, त्याही सगळ्या मिळून. वाचताना भिंग लागलं तर घ्या, लाजू नका. आणि स्ट्रिप कापताना नावाचा तुकडा शेवटपर्यंत ठेवायची सवय लावा.

मग पॉवर लिहा, पण नुसतं '५०' नको. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, बाकीच्या बहुतेक मिलिग्रॅममध्ये. नावापुढची एसआर, एक्सएल अशी शेपटंही उतरवा. औषध पोटात हळूहळू सुटतं का एकदम, हे त्यावरून कळतं.

पुढे वेळ. 'दिवसातून एकदा' हे पुरेसं नाही. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत आणि तिच्यात ४ तासांचं अंतर हवं. सकाळी सगळ्या एकत्र ओंजळीत घेऊन गिळत असाल तर तसंच लिहा.

त्यापुढे 'कशासाठी' आणि 'केव्हापासून'. हे रकाने भरताना बऱ्याच घरांत शांतता पसरते. ॲसिडिटीची गोळी काही आठवड्यांसाठी म्हणून सुरू झालेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते, कारण बंद करायला कुणी सांगितलेलंच नसतं. जिथे 'कशासाठी' रिकामं राहील तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढा. पण ते पाहून गोळी स्वतःहून बंद करू नका. मेटोप्रोलॉल (प्रेशर-हृदयाची गोळी), प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), फिटच्या गोळ्या अशी औषधं अचानक सोडणं धोक्याचं असतं. प्रश्नचिन्ह डॉक्टरांसाठी आहे.

शेवटचा रकाना 'खरं काय'. हा भरायला धाडस लागतं. रात्रीची गोळी आठवड्यातून तीनदा राहते? लिहा. महाग पडते म्हणून अर्धीच घेता? तेही लिहा. आपण शहाण्यासारखं 'हो, रोज घेतो' म्हणतो, प्रेशर मात्र चढलेलं दिसतं. मग डॉक्टर डोस वाढवतात. त्यांच्या हिशेबात आधीचा डोस अपुरा पडलेला असतो. पुढे कधी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ आली की तिथे यादीबरहुकूम सगळ्या गोळ्या वेळेवर मिळतात आणि प्रेशर धाडकन खाली येतं. गुडघे दुखले की अधूनमधून घेतली जाणारी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही इथेच येते. या गोळ्या प्रेशर वाढवू शकतात आणि टेल्मिसार्टनसारखं औषध व लघवीची गोळी यांच्या जोडीला घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना ती गोळी माहीतच नसेल तर ते हे जुळवणार कसं?

दारू-तंबाखूचा आकडाही याच कागदाच्या तळाशी टाका. 'कधीतरी' हा आकडा नव्हे.

एवढं करायला दोन तास लागतात. पहिल्या वेळी माझे तीन गेले.

ॲलर्जी नीट सांगा

'पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' एवढ्यावर थांबू नका. काय झालं होतं, गोळी घेतल्यावर किती वेळाने, किती वर्षांपूर्वी? अंगावर गांध्या उठून श्वास कोंडणं वेगळं आणि दोन जुलाब होणं वेगळं. आपल्याला ही ॲलर्जी आहे असं मानणाऱ्यांपैकी बहुतेकांना रीतसर तपासणीत ती नसल्याचं आढळतं, आणि खरी असली तरी बऱ्याच जणांत ती वर्षांगणिक ओसरते. चुकीचा शिक्का बसला की साधं, चांगलं औषध आयुष्यभर दूर राहतं.

घरातल्या आजारांबद्दल सांगताना आजारापुढे वय लिहा. वडिलांना ८० व्या वर्षी आलेला हार्ट अटॅक आणि ५० व्या वर्षी आलेला, यांचा तुमच्यासाठीचा अर्थ एक नाही.

प्रेशर घरी मोजा

यंत्र असेल तर आधीचे ७ दिवस सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, ५ मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, गुडघ्यावर गुडघा टाकू नका, पट्टा उघड्या दंडावर बांधा, दंड छातीच्या पातळीवर असू द्या आणि तोंड बंद ठेवा. शेजारी बसून 'किती आलं, किती आलं' विचारणारे नातेवाईक बाहेर बसवा. आलेले आकडे सगळे लिहा, चांगले तेवढे निवडू नका. दवाखान्यात घाबरून चढणारं प्रेशर पुष्कळांचं असतं, ते या कागदावरूनच ओळखता येतं.

भेटीच्या दिवशी उपाशी जायला सांगितलं नसेल तर उपाशी जाऊ नका. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन रिकाम्या पोटी वेटिंग रूममध्ये बसलात आणि नंबर लांबला, तर साखर तिथेच घसरायची. उपाशी यायला सांगितलं असेल तर त्या सकाळी ही औषधं घ्यायची का, ते फोनवर विचारून ठेवा.

आत गेल्यावर

मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगा. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी दवाखान्यातल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा पेशंटचं सुरुवातीचं बोलणं डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत तोडतात असं दिसलं होतं. तेव्हा 'तसं सगळं बरं आहे हो' यात ते सेकंद घालवू नका. 'दोन महिन्यांपासून जिना चढताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं' हे घरीच दोनदा म्हणून बघा. केव्हापासून, कशाने वाढतं, कशाने थांबतं, एवढं त्यात आलं की झालं. उठून दारापाशी गेल्यावर 'आणि हो डॉक्टर, शौचातून जरा रक्त जातं' म्हणणारे आमच्या घरात दोघे आहेत. दोघांनाही मी आता ते वाक्य कागदाच्या डोक्यावर लिहून देते.

मग यादी पुढे सरकवा आणि गप्प बसा. चांगले डॉक्टर ती वाचताना पेन काढतात.

निघण्याआधी त्याच कागदावर, त्यांच्यासमोर, बंद झालेल्या औषधावर रेघ मारा, नवं खाली लिहा, तारीख घाला आणि मोठ्याने वाचून दाखवा. 'म्हणजे ही बंद, ही अर्धी, ही नवी, बरोबर?' फोनमध्ये फोटो काढून ठेवा. घरी पोचल्यावर पिशवी खाली ठेवण्याआधी बंद झालेल्या गोळीची स्ट्रिप डब्यातून बाहेर काढा. आईच्या उशाशी असलेला डबा मी आता दर महिन्याला स्वतः उपसते. ती कुरकुरते, पण घोटे उतरलेत.