नागपूरच्या उन्हाळ्यात रीफ टँकमधलं पाणी आणि क्षार

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि रीफ टँकमधल्या, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या, प्रवाळांना पाणी २५-२६ अंशच लागतं. ३० च्या वर टिकून राहिलं तर ती पांढरी पडू लागतात. काचेचं झाकण काढून पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावा. कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर मात्र हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावतं आणि पंखा नावापुरताच उरतो. तिथे एसी किंवा पाणी गार करणारा चिलरच हवा.

बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. १०० लिटरमधून ४ लिटर उडाले की क्षारता ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) साडेछत्तीसजवळ पोचते. म्हणून भर रोज, गोड्या पाण्याचीच घालायची. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. काचेवर मार्करने पातळीची खूण करा. संप (मुख्य टाकीला जोडलेली खालची छोटी टाकी) असेल तर खूण संपवर, कारण घट तिथेच दिसते.

घरच्या आरओचं पाणी थेट वापरू नका. चवीसाठी त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम राखलेला असतो. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे कण) जोडून टीडीएस मीटरवर शून्य आणा, नाहीतर शेवाळ ठरलेलंच. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा.